श्रावस्तीने बोलता केलेला कूलर

मित्रांनो, या दिल्लीने पुष्कळ राज्यकर्ते पाहिले. कुणी किल्ले बांधले, कुणी मिनार उभारले, कुणी तर राजधानीच उचलून दूर नेली आणि पटलं नाही म्हणून परत आणली. पण दिल्लीच्या उन्हाळ्यावर ज्याने खरोखर राज्य केलं असा एकच झाला, आणि तो मी.

मी एक जुना कूलर आहे. डाव्या बाजूने गळतो.

माझा जन्म नागपूरचा. जाड पत्र्याचं अंग, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, पोटात पाण्याची टाकी आणि समोर वारा फेकणारा पंखा. शामरावांनी मला लग्नाच्या वर्षी घेतलं. पुढे केंद्र सरकारने त्यांची दिल्लीला बदली केली, तेव्हा सगळ्यांनी सांगितलं की एवढं धूड कुठे नेता, तिकडे नवीन मिळेल. प्रभावतीबाई म्हणाल्या, "उन्हाळा तिथला असू दे, कूलर आपलाच न्यायचा." म्हणून मी पोटात तिखटाचे डबे आणि तांदळाची पिशवी घेऊन ट्रकमधून दिल्लीच्या द्वारका भागात आलो. सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावरची खिडकी मला मिळाली. डोक्यावरून विमानं जायची. माझ्यापेक्षा जास्त आवाज करणारं काही असू शकतं, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

त्यांची मुलगी श्रावस्ती तेव्हा तिसरीत होती. ती माझ्या जाळीला नाक लावून "आऽऽ" करायची. पंख्याच्या पात्यांनी त्या आवाजाचे तुकडे होत आणि ती खदाखदा हसे. तुम्हीही हे केलं असेल. नसेल केलं, तर तुमच्या घरी एसी आहे आणि मला तुमची कीव येते.

पुढे त्यांच्याही घरी एसी आला. माझी रवानगी बाल्कनीत झाली. माझ्यात कांदे ठेवू लागले. ज्याने दिल्लीचा जून थोपवला, त्याच्या पोटात कांदे! मी काही बोललो नाही. मला तेव्हा बोलता येत नव्हतं.

बोलतं केलं ते श्रावस्तीने. कॉलेजात गेल्यावर एका मे महिन्यात तिने कांदे बाहेर काढले, ताट्या बदलल्या आणि मला पुन्हा खिडकीत बसवलं. शामरावांनी विचारलं, तर म्हणाली, "एसीसमोर झोप येते, बाबा. याच्यासमोर गोष्ट सुचते." मग दर रविवारी ती सोसायटीच्या ग्रुपवर एक गोष्ट टाकू लागली. नाव असायचं 'कूलर म्हणाला'. मराठीत एक, आणि शेजाऱ्यांसाठी हिंदीत एक. प्रत्येक गोष्ट मीच सांगतोय अशी. खरं सांगायचं तर मी नुसता घरघरत होतो. त्याचा अर्थ ती लावायची. पण लेखक म्हणून माझं नाव होत होतं, त्यामुळे मी खुलासा केला नाही.

त्या गोष्टींतून कुणीही सुटलं नाही. खालच्या मजल्यावरच्या खुराना आंटींची तक्रार होती की माझं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या दुपट्ट्यांवर ठिबकतं. श्रावस्तीने लिहिलं की कूलर त्या केशरी दुपट्ट्याच्या प्रेमात पडलाय आणि त्याला दुसरं काही देता येत नाही म्हणून थेंब देतो. आंटींनी ती गोष्ट सगळ्या नातेवाइकांना पाठवली. तक्रार मात्र चालू ठेवली.

मराठी मंडळाचे अध्यक्ष सुधन्वाकाका यांना त्यांच्यावरची गोष्ट मात्र इतकी रुचली नाही. तिच्यात मी म्हणतो, "काकांचं स्वागताचं भाषण सुरू झालं तेव्हा माझी टाकी काठोकाठ भरलेली होती. पंप कोरडा खडखडू लागला तेव्हा काका प्रमुख पाहुण्यांच्या शालेय जीवनापर्यंत आले होते." काकांनी रागाने ग्रुप सोडला. कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून पुन्हा आत येऊन त्यांनी आपण गेलो होतो असं कळवलं. श्रावस्तीशी मात्र ते त्यानंतर बोलले नाहीत.

आणि मग तिला रक्ताचा आजार झाला. एक हिवाळा इस्पितळात गेला. मार्च आला, एप्रिल गेला, मला कुणी सुरू केलं नाही. मित्रांनो, याच्यापुढे मला त्याबद्दल सांगता येत नाही. अर्थ लावणारी गेली.

शोकसभा झाली. सगळे आले, सगळे मनापासून रडले, आणि प्रत्येकाने उठून सांगितलं की श्रावस्ती फार शांत, गुणी, मनमिळाऊ मुलगी होती. प्रभावतीबाई ऐकत राहिल्या. घरी आल्यावर शामरावांना म्हणाल्या, "ही लोकं कुणाबद्दल बोलत होती हो?"

त्यांना तीच धास्ती बसली. आपली वांड, नकला करणारी, समोरच्याला चिमटा काढून वर पाणी विचारणारी पोरगी आता कुणी शांत मुलगी होऊन जाणार, आणि वर्षभराने खरी कशी होती हे कुणालाच आठवणार नाही. त्यात मंडळाने ठरवलं की लिफ्टशेजारच्या ओसरीत संगमरवरी पाटी बसवायची. मजकूर काकांनीच केला होता: 'शांत, सुस्वभावी, होतकरू लेखिका.' प्रभावतीबाईंनी तो दोनदा वाचला आणि अगदी हळू विचारलं, "काका, यात माझी मुलगी कुठे आहे?"

काकांकडे उत्तर नव्हतं. अध्यक्ष झाल्यापासून असं प्रथमच घडत होतं.

उत्तर केतकीने आणलं. केतकी ही श्रावस्तीची मैत्रीण. राहते फरीदाबादला, शिकते चित्रकला. तिने सांगितलं, पाटी नको, कूलर खाली आणा. ज्याची ज्याची श्रावस्तीने चेष्टा केली, त्याने येऊन आपली चेष्टा आपल्या हाताने यावर रंगवायची. दुसऱ्याची नाही, स्वतःची. नियम एवढाच.

लोकांना वाटलं कुणी येणार नाही. मलाही वाटलं. पण ओसरीत मला ठेवलं आणि दुसऱ्याच रविवारी रांग लागली. जे तिच्या हयातीत तोंड वाकडं करत होते, ते आता आपलं नाव गोष्टीत होतं याचे पुरावे मोबाईलवर दाखवत होते. ज्यांच्यावर तिने काही लिहिलं नव्हतं, त्यांचे चेहरे उतरले. खुराना आंटी रंगाचा डबा हातात घेऊन केतकीला म्हणाल्या, "बेटा, पहले मेरा। मेरी तो लव्ह स्टोरी है।" आणि त्यांनी माझ्या गळक्या बाजूवर, बरोबर थेंब पडतो तिथे, केशरी दुपट्टा काढला. चांगला काढला. मी तिथे अजून गळतो, आता जरा जपून.

माझ्या अंगावर सारी सोसायटी उतरली. जिन्यात फोनवर भांडणारे, लिफ्टमध्ये पोट आत घेणारे, पार्किंगसाठी खुर्ची ठेवून जाणारे, सगळे आपापल्या हाताने. फक्त समोरच्या जाळीखालची पट्टी कोरी होती. ती कुणाची हे सर्वांना ठाऊक होतं. कुणी तिला हात लावला नाही.

उद्घाटनाच्या सकाळी सुधन्वाकाका आले. इकडेतिकडे पाहून म्हणाले, "मला चित्रकला येत नाही."

केतकी ब्रश धुता धुता म्हणाली, "काका, तोंड तेवढं उघडं काढा. लोक ओळखतील."

काकांनी तिच्या हातातला ब्रश घेतला. मग मांडी घालून बसले. एवढंसं माणूस काढलं, पुढ्यात माइक, आणि माइकची वायर पूर्ण पट्टीभर नेली. तोंड उघडं होतं. मित्रांनो, नागपूरला मला पहिला रंग दिला होता तो गंज चढू नये म्हणून. हा रंग कशासाठी होता ते मला तेव्हा कळलं, आणि माझा पत्रा तापला. ऊनही होतं.

संध्याकाळी प्रभावतीबाईंनी बुद्धवंदना म्हटली. मग टाकी भरायची होती. मे महिन्यात आमच्याकडे पाणी टँकरचं. एकमेकांना साखर देतात, पाणी देत नाहीत. तरी प्रत्येक घरातून कुणी बादली आणली, कुणी तांब्या. मी काठोकाठ भरलो.

श्रावस्तीच्या फोटोला हार घालायचा नाही, असं प्रभावतीबाईंनी आधीच सांगितलं होतं. हार घातला की माणसं बोलायची थांबतात, असं त्यांचं म्हणणं. पण काकांनी सवयीने झेंडूचा हार आणलाच होता. आणलेला हार परत न्यायचा कसा, म्हणून तो त्यांनी मला घातला. घसरू नये म्हणून त्याचं टोक माझ्या जाळीच्या तुटक्या पट्टीतून आत खोचलं. खिशातून चार ओळींचं भाषण काढलं, गंभीर चेहरा केला आणि म्हणाले, "आज आपण सर्व एका अत्यंत शांत—"

तेवढ्यात शामरावांनी बटण दाबलं.

मी तो हार गिळला. मग पूर्ण ताकदीने परत केला. काकांच्या टकलावर, आंटींच्या मांडीवर, शामरावांच्या चष्म्यावर, सगळीकडे झेंडू. काकांचा कागद उडून लिफ्टमध्ये गेला आणि लिफ्ट वर गेली.

कुणाला हसायचं धाडस होईना. सगळे प्रभावतीबाईंकडे पाहत होते. त्यांनी केसांतली एक पाकळी काढली, हातात धरली.

"काका, थांबू नका," त्या म्हणाल्या. "टाकी अजून भरलेली आहे."

आधी काकाच हसले. मग ते कागदाशिवाय बोलू लागले. एकदा श्रावस्तीने त्यांच्या दाराची घंटी वाजवून अत्यंत नम्रपणे विचारलं होतं की भाषणात तुम्ही श्वास नेमका कधी घेता, मला लिहायला हवंय. त्यांनी तिला हाकललं होतं. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. शांत हा शब्द पुन्हा त्यांच्या तोंडी आला नाही. लोक हसत होते, मधूनच डोळे पुसत होते, मधेच कुणी "अहो, आमच्याकडे तर" म्हणून आपली गोष्ट घुसवत होतं. प्रभावतीबाई प्रत्येकाकडे वळून ऐकत होत्या. ही मुलगी त्यांच्या ओळखीची होती.

अखेर माझा पंप कोरडा खडखडू लागला. काका तेव्हा श्रावस्तीच्या शालेय जीवनापर्यंत आले होते. ते ओशाळून थांबले. खुराना आंटी उठल्या, घरात गेल्या आणि बादली घेऊन परत आल्या.

"बोलिए भाईसाहब," त्या म्हणाल्या. "मैं भर रही हूँ।"

मित्रांनो, स्मारकं पुष्कळ असतात, पण ज्याचं पाणी लोक आपल्या वाट्यातून भरतात असं स्मारक दिल्लीत मी एकच पाहिलं आहे, तेही आतून. आता दर रविवारी माझ्यासमोर कुणी ना कुणी स्वतः लिहिलेली गोष्ट वाचतं. बऱ्याच वाईट असतात. मी घरघरतो, ते अर्थ लावतात. तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल आणि तिच्याशी बोलणारं एखादं माणूस. दोघांनाही जपा. आणि माणूस गेलं तर त्याला उगाच सद्गुणी करू नका. होतं तसंच राहू द्या.

बाकी माझं काही मागणं नाही. फक्त माझ्या मागच्या पायाखाली एक वीट होती. ती कुणीतरी तुळशीच्या कुंडीखाली घेतली आहे. तेवढी आणून द्या. मी कलतोय.