माझा आकडा खाली पोचेना

त्या दिवशी सकाळपासून असा बोचरा वारा सुटला होता, की कागद कारखान्याच्या छपरावरचे पत्रेसुद्धा कुडकुडत होते. मी मात्र तापत होतो.

मी म्हणजे छपरावरच्या मोठ्या पंख्याला चिकटून बसलेला सेन्सर. मूठभर अंग, वर बोटाएवढी अँटेना. शाळाबिळा काही झाली नाही माझी. पंखा ज्या बेअरिंगवर फिरतो ते किती तापलं, एवढंच मला कळतं. ते मिनिटाला एकदा बिनतारी खाली कळवायचं, हे माझं काम.

मला इथे बसवलं ते दादांनी. कारखान्यातल्या आम्हा सगळ्या सेन्सरांची देखभाल त्यांच्याकडे. खरं तर ते एकाचेच दादा, त्यांच्या धाकट्या भावाचे. पण त्याचं ऐकून ऐकून अख्खा कारखाना त्यांना दादा म्हणतो. भाऊ इथेच फिटर, पंख्याला ग्रीस भरणारा. बसवताना दादांनी मला आमच्या जाळ्याचा, म्हणजे नेटवर्कचा, नंबर दिला आणि आत शिरायचा पासवर्ड दिला. वर बजावलं, "उगाच क्षणाक्षणाला बडबडू नकोस, बॅटरी संपेल." ते आमच्याशी असंच बोलतात. भाऊ हसतो त्यांना.

खालच्या खोलीत गेटवे असतो. आम्हा सगळ्यांचं ऐकून घेऊन पडद्यावर आकडे मांडणारी ती पेटी. ती जुनी झाली म्हणून आदल्या दिवशी नवी आणली. दादांनी सगळ्यांना नवा नंबर, नवा पासवर्ड हवेतूनच पाठवला. नेमकी तेव्हा माझ्यासमोर भलीमोठी लोखंडी टाकी क्रेनला लटकत होती. माझ्यापर्यंत काही आलंच नाही. सगळे नव्या घरी गेले, मी जुन्याच दाराशी उभा.

हाका मारल्या. पण जुना पासवर्ड सांगणाऱ्याला कोण आत घेणार?

खाली कुणाला पत्ताच नव्हता. एखादी बातमी चुकली की भोंगा वाजून डोकं उठायचं, म्हणून कधीतरी तशी सेटिंग करून ठेवलेली: नवी बातमी आली नाही, तर पडद्यावर जुनाच आकडा राहू दे. माझा आकडा अठ्ठावन्न, हिरवागार. इकडे बेअरिंग बिघडलेलं, मी नव्वदीच्या पुढे, आणि पडद्यावर माझी तब्येत ठणठणीत!

मी हाक मारायची सोडली नाही. हाका मारण्यात बॅटरी जळते, ते कळत होतं. पण त्या सकाळी भाऊ ग्रीसगन घेऊन शिडीने वर आला आणि चालत्या पंख्याला खेटून बसला. बेअरिंग फुटलं असतं, तर पातं पहिलं त्याच्याच अंगावर. मग कसली बॅटरी वाचवायची?

तेवढ्यात दादा धापा टाकत वर आले.

"अरे, एवढा गारठा पडलाय. बाकीचे आकडे खाली आले, याचा कालपासून जागचा हलला नाही."

"दादा, हिरवा आकडा बघून घाबरणारा तूच एकटा. वहिनीला सांगू का, डॉक्टरला दाखव म्हणून?"

"सांग. आणि तू जरा बाजूला हो."

"भरतो एवढं. तू तुझी बटणं दाब."

दादांनी झाकण उघडून हातातलं छोटं यंत्र मला जोडलं. सेटिंगचं पान उघडलं आणि ते ओरडलेच.

"हा अजून जुन्याच नंबरवर आहे रे! मी पाठवलेलं याला मिळालंच नाही."

थंडीने बोटं आखडलेली, पासवर्ड हा एवढा लांब. एक अक्षर चुकलं. पुन्हा पहिल्यापासून. दादा वैतागले नाहीत. एकेक अक्षर तोंडाने म्हणत त्यांनी पुरं केलं. मी ते मनात पक्कं केलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून हाक मारली.

गेटवे काही ऐकेना. क्रेनवरची ती टाकी आता मध्येच कायमची बसवलेली ना! पुन्हा हाक मारली. आता टाकीच्या माथ्यावरून उत्तर आलं. तिथे पाण्याची पातळी मोजणारा शेजारी बसलेला. त्याने माझा आकडा घेतला आणि खाली पोचवला. भोंगा कोकलला. खाली पडद्यासमोर बसलेल्या माणसाने पंखा बंद केला.

भावाने बेअरिंगपाशी हात नेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"दादा, मी तुला वेड्यात काढत होतो."

"रोजच काढतोस. उतर आधी. सांभाळून."

त्याच दिवशी दादांनी पडद्याचीही सेटिंग बदलली. आता बातमी आली नाही की आकडा राखाडी होतो आणि भोंगा वाजतो. वाजू दे. भाऊ कुरकुर करत नाही.

आज माझा रंग उडालाय, स्क्रू गंजलेत. बेअरिंग नवं आलं, मी तोच. माझं एकच मागणं आहे. पडद्यावर आकडा दिसतो म्हणजे आम्ही बोलतोय, असं धरून चालू नका. तो आकडा कधीचा, तेही विचारा. माझ्याकडून मी एक मिनिट चुकवणार नाही. टाकी काही हलायची नाही, माहीत आहे मला. पण तिच्या माथ्यावर माझा शेजारी आहे. त्या दिवशी आकडा उराशी धरून मी ओरडत होतो, तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "अरे, ओरडतोस कशाला एवढा? माझ्यापर्यंत पोचव, पुढचं मी बघतो."