मोंटानाची नंबरप्लेट

“मॅडम, आम्ही नवं फिरतं घर घेतलंय, चाकांवरचं! त्याचा विक्रीकर आमच्या करातून वजा होतो का?”

पाहुणी आली की वर्ग मुका होतो, म्हणून मैत्रीण ब्रिसाने डेलेनीला प्रश्न विचारायला पैजेवर उठवलं होतं. डेलेनी या वर्षापासून कुणालाच घाबरत नव्हती. ती नुसती उठली नाही, केस मागे उडवून उठली.

पाहुण्या मिसेस ह्रुस्का गावातल्या निम्म्या लोकांचे कराचे फॉर्म भरून द्यायच्या. त्या खूश झाल्या. “वा! आपल्या टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, म्हणून केंद्राचा कर भरताना विक्रीकर वजा दाखवायची मुभा आहे. किरकोळ खरेदीला ठरलेला आकडा, आणि गाडी, बोट असलं मोठं काही घेतलं तर त्याचा कर त्यात आणखी मिळवायचा. अट एकच, तो भरलेला हवा.”

“पण हिच्या गाडीला मोंटानाची नंबरप्लेट आहे!” मागून ट्रॅव्हिस ओरडला.

“मग? माझ्या बाबांनी तिकडे कंपनी काढलीय. गाडी कंपनीच्या नावावर आहे!” डेलेनीने त्याला ठणकावलं.

मिसेस ह्रुस्कांनी चष्मा काढला. “मोंटाना राज्यात विक्रीकर नसतोच, बाळ,” त्या हळूच म्हणाल्या. “खाली बस.”

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच. डेलेनीचे कान असे तापले, की खाली बसल्यावर तिने ते केसांखाली लपवले. एकटी ब्रिसा हसली नाही, आणि तेच जास्त लागलं.

घरी अंगणात बाबा त्या गाडीला आंघोळ घालत होते. शनिवारी मैत्रिणींना घेऊन समुद्रावर जायचं ठरलं होतं.

“बाबा, आपण मोंटानाला कधी गेलोय?”

“जायचं कशाला? कंपनी आहे ना तिकडे!”

“कंपनी करते काय?”

“गाडी बाळगते.” बाबा स्वतःच्याच विनोदावर हसले. “अगं, सगळेच करतात. सरकारला फुकट कशाला द्यायचं?” गेल्याच आठवड्यात हेच बाबा रस्त्यातल्या खड्ड्यांवरून गावसभेत टेबल बडवून आले होते.

“आणि विक्रीकर वजा दाखवलात?”

आई कोलाचींचं, गोड सारण भरलेल्या पावांचं, ताट घेऊन दारात आली होती. ती थबकली. “लिऑन? न भरलेला कर?”

“कराचा फॉर्म भरताना त्या कॉम्प्युटरने विचारलं, गाडी घेतली का? मी म्हटलं, घेतली. इथे भरला असता तर जितका झाला असता, तितका टाकला.” बाबांचा आवाज शेवटी शेवटी बारीक झाला. हातातल्या पाइपाचं पाणी त्यांच्याच बुटांवर पडत होतं, त्यांना पत्ता नव्हता.

डेलेनीला वाटलं होतं, आपण कडाकडा भांडू. पण बाबांची ती खाली गेलेली मान पाहून तिलाच कुठे बघावं कळेना. वर्गात लाज वाटली होती ती इतरांच्या हसण्याची. ही वेगळी होती, घरातली.

“येतानाच ब्रिसाला मी फोन केलाय. शनिवारची सहल रद्द,” ती म्हणाली. “का रद्द, तेही सांगितलं. इथला कर भरून टेक्ससची नंबरप्लेट लागेपर्यंत मी या गाडीत पाय ठेवणार नाही. आणि आई, बाबा, उद्या आपण तिघं मिसेस ह्रुस्कांकडे जातोय. शाळेतच मी त्यांची वेळ घेतलीय.”