भट्टी निवायला चार दिवस

विम्याच्या कार्यालयातून आलेलं पत्र अण्णांनी तीनदा वाचलं आणि मग बायकोच्या हातात दिलं. "स्वेच्छेने काम सोडल्यामुळे बेकारी भत्ता मंजूर करता येत नाही." बस्स, एवढंच. बावीस वर्षं कपबश्यांच्या कारखान्यात भट्टी सांभाळली, बावीस वर्षं दर पगारातून विम्याचा हप्ता न चुकता कापला गेला, आणि आता वेळ आली तर म्हणे स्वेच्छेने!

"स्वेच्छेने?" बायको कडाडली. "शुक्रवारी दुपारी गेटवर नोटीस लावून अख्खा कारखाना घरी घालवला, ती कुणाची स्वेच्छा? त्या मेल्या मॅनेजरला जनाची नाही, मनाची तरी?"

मग तिने मोर्चा नवऱ्याकडे वळवला. "आणि तुम्ही! चाळीस माणसं डबे उचलून चालती झाली. तुम्हालाच तिथे कुणी बांधून ठेवलं होतं?"

याचं उत्तर अण्णांनी तिला महिनाभरात शंभरदा दिलं होतं. नोटीस लागली तेव्हा भट्टी ऐन भरात होती, आत शेवटचा माल होता. तापलेली भट्टी एकदम बंद केली की आतल्या विटा तडकतात, छत खाली बसतं, आणि मग ती भंगारवाल्यानेसुद्धा उचलू नये अशी होते. आच हळूहळू उतरवायची, झडपा बोट बोट मिटत न्यायच्या, याला चार दिवस लागतात. राहा असं कुणी म्हणालं नव्हतं. पगाराचं तर नावच नको. पण पेटती भट्टी तशीच टाकून घरी जायचं, हे अण्णांना जमलंच नाही. मंगळवारी भिंतीवर हात ठेवता येईल इतकी ती निवली, तेव्हा त्यांनी वॉचमनकडे किल्ली दिली आणि घर गाठलं.

बाकीच्या सगळ्यांना भत्ता सुरू झाला. अण्णांच्या नावापुढे मात्र मॅनेजरने लिहिलं, 'शुक्रवारनंतरही कामावर होते, मंगळवारी स्वतःहून सोडून गेले.' कारण काय, तर कामगाराला काढलं असं लिहिलं की माणशी वाढीव हप्ता मालकाच्या माथी बसतो. एका माणसाचा वाचवला, तेवढीच मालकाची शाबासकी! असल्या शाबासकीला आग लागो.

अण्णांची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. महिनाअखेर फी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नव्हते. "बाबा, राहू दे या वर्षी, मी एखाद्या दुकानात उभी राहते," असं ती परवा भांडी पुसता पुसता म्हणाली, अगदी सहज म्हणाली. भत्ता मिळाला तर फी जाणार होती. दुसरीकडून दमडीही यायची नव्हती.

हरकतीचा अर्ज केला, सुनावणीची तारीख मिळाली. नवराबायको तासभर आधीच जाऊन बाकावर बसली. आत टेबलामागे चष्मा कपाळावर चढवलेल्या अधिकारी बाई होत्या, समोर मॅनेजर. इस्त्रीचा शर्ट, तोंडावर हसू, आणि अण्णांना बघून "या या अण्णा, बसा ना", जणू याच्याच घरी पाहुणे आले होते. अण्णांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चार दिवस हे कामावर होते म्हणता," बाई म्हणाल्या. "मग त्या चार दिवसांचा पगार दिलात?"

मॅनेजर जरा चुळबुळला. "पगाराचा प्रश्नच नव्हता मॅडम. ते काही काम नव्हतं. यांची आपली हौस. भट्टीत जीव अडकलाय त्यांचा."

"हौस?" अण्णांची बायको उठलीच. "घामाने शर्ट पिळून निघत होता यांचा, आणि हौस?"

"ताई, बसा." बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "काम नव्हतं ना? मग मंगळवारी यांनी सोडलं ते काय? काम होतं म्हणत असाल तर चार दिवसांचा पगार टाका, वर तो न दिल्याचा दंडही. नव्हतं म्हणत असाल तर यांना शुक्रवारीच तुम्ही काढलंत. दोन्हीकडून कसं खाणार?"

मॅनेजर मनातल्या मनात दंडासकट पगार आणि वाढीव हप्ता यांचं वजन करून झाल्यावर म्हणाला, "नव्हतं काम. शुक्रवारीच काढलं."

बाईंनी कागद भरला आणि अण्णांपुढे सरकवला. भत्ता पुढच्या आठवड्यापासून, मागचा थकलेलाही मिळणार. फक्त खाली सही हवी होती. वर लिहिलं होतं, 'शुक्रवारनंतर मी कारखान्यात कोणतेही काम केले नाही.'

अण्णांनी पेन खाली ठेवलं.

"हे खोटं आहे," ते म्हणाले. "मी काम केलं. चार दिवस पाठ टेकली नाही. बावीस वर्षांतलं सगळ्यात अवघड काम होतं ते. मी काही केलं नाही, तर भट्टी काय आपोआप निवली?"

"मला कळतंय हो," बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच कळत असावं. "तुम्हाला तसं लिहायचं असेल तर लिहा, तुमचा हक्क आहे. पण मग पगाराचा वाद उभा राहतो, प्रकरण कामगार न्यायालयात जातं. वर्ष सहज जाईल. तोवर भत्ता थांबेल."

अण्णांनी बायकोकडे बघितलं. महिनाभर या चार दिवसांवरून त्यांना फाडून खाणारी ती आता नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ती अगदी हळू म्हणाली, "फी, अहो."

अण्णांनी सही केली. इतक्या जोरात केली की कागद फाटला असता. आपल्याच हाताने आपलं काम पुसावं लागलं, तेव्हा कुठे आपलेच कापलेले पैसे हातात पडायचे! या कायद्याला काय म्हणावं? खाली मॅनेजरनेही सही ठोकली, तीही हसत हसत.

जिन्यात त्याने पुन्हा गाठलं. "अण्णा, झालं गेलं विसरा हो. सोमवारी भट्टी विकत घ्यायला पार्टी येतेय. एकही तडा नाही म्हणून खूश आहेत. फक्त पेटवून दाखवा म्हणतात. तुमच्याशिवाय कुणाला जमणार? अर्ध्या दिवसाचं काम. तुम्हाला खूश करतो."

महिन्यापूर्वी असतं तर अण्णा नाक मुठीत धरून गेले असते. आता पुढच्या आठवड्यापासून घरात भत्ता येणार होता, मुलगी परीक्षेला बसणार होती.

"मला भट्टीतलं काय कळतं?" अण्णा म्हणाले. "मी तर काहीच केलं नाही. आत्ताच सही केली ना तुम्ही."

"अहो, चेष्टा काय करता! नवख्या माणसाने एकदम आच दिली तर तडकेल ती!"

"तडकू दे."

बोलताना अण्णांचा हात जिन्याच्या भिंतीवर टेकला, भट्टी निवली का बघायला टेकायचा तसा. पण शब्द त्यांनी मागे घेतला नाही, आणि बायकोचा हात धरून ते जिना उतरू लागले.