आलंच, थोडंच राहिलं

सिस्टर निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, तरी वस्तीत त्यांना कुणी दुसऱ्या नावानं हाक मारत नसे. प्रसूतिगृहात त्यांनी उभा जन्म काढला होता. भाजी आणायला निघाल्या की वाटेत एखादा चांगला मिशा फुटलेला गडी हसून ओळख दाखवायचा आणि त्या म्हणायच्या, "तू होय! पायाळू. आईला घाम फोडला होतास रे." गडी लाजून लाल.

त्यांची सून शिवणकाम करायची. घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान होतं. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, लग्नसराई आली की सुटलेल्या पोटांना जुन्या कपड्यांत जागा करून देणं, असली कामं. हाताला वळण होतं, त्यामुळे गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. नवरा गोदामात क्रेन चालवायचा आणि लेक शिकायला बाहेरगावी होती. घर कसं शांत होतं.

सुनेनं एक ओव्हरलॉक मशीन सांगून ठेवली होती. कापडाच्या कडा दुसरीकडून मारून आणायचा तिला कंटाळा आला होता. आगाऊ रक्कमही भरली होती. ठरल्या दिवशी ती टेम्पोवाल्याला घेऊन दुकानात गेली, तर दुकानदार डोकं खाजवायला लागला.

"अहो वहिनी, ऑर्डर रद्द झाली ना. तुमच्या सासूबाई स्वतः येऊन रक्कम परत घेऊन गेल्या. सिस्टरना नाही कसं म्हणणार? माझी दोन्ही पोरं त्यांच्याच हातची."

टेम्पोवाल्यासमोर सून कसंबसं हसली. घरी येऊन तिनं विचारलं, तर सासूबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "मैत्रिणीची नड होती गं. सांगायचं राहूनच गेलं. देईल ती." मान वर केली नाही, पण आवाजही हलला नाही. सुनेला ते पटलं नाही आणि खोटं म्हणायची छातीही झाली नाही. सिस्टर आणि थाप या दोन गोष्टी तिच्या डोक्यात एकत्र बसेनात.

मग एक टॅक्सीवाला त्याची पँट न्यायला आला आणि अगदी सहज बोलून गेला, "सिस्टरचं कुणी नातेवाईक कामाला आहे का हो त्या गेम पार्लरमध्ये? दुपारी आमच्या स्टँडवरून बघतो मी. रोज आत जाताना दिसतात."

मशीनची रक्कम कुठं गेली ते सुनेला कळलं. तिनं पँट कागदात गुंडाळली आणि टॅक्सीवाल्याला निरोप दिला.

त्या संध्याकाळी नवऱ्याला कळलं आणि घर दणाणलं. "या वयात जुगार? लोकांना तोंड कसं दाखवायचं?" त्यानं आईकडून बँकेचं कार्ड काढून घेतलं. सिस्टरनी ते मुकाट्यानं दिलं. त्यानंतर त्या जेवायला आधीच बसायच्या, एकट्या, आणि ताट धुऊन आपल्या खोलीत निघून जायच्या. घरात सगळे पायांचा आवाज न करता चालायला लागले. काही आठवड्यांनी सुनेच्या लक्षात आलं की सासूबाईंच्या कानातली फुलं दिसत नाहीत.

या वेळी तिनं नवऱ्याला सांगितलं नाही. दुपारी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि सरळ पार्लर गाठलं. वाटेत तिनं मनातल्या मनात भरपूर बोलून घेतलं. तोंडावर काय काय फेकायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं.

आत थंड होतं. खिडकी नव्हती, घड्याळही नव्हतं. खेळाची मशीन्स ओळीनं लुकलुकत होती आणि प्रत्येकीसमोर एक पाठ. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सासूबाईंची पाठ तिनं लगेच ओळखली. ती हाक मारणार, तेवढ्यात तिची नजर त्यांच्या हाताकडे गेली. एका हातानं त्या बटण दाबत होत्या आणि दुसऱ्या हातानं मशीनची कड हळूहळू चोळत होत्या, वरून खाली. पडद्यावर तीन चित्रं गरगरत होती आणि त्या पुटपुटत होत्या, "आलंच, आलंच. थोडंच राहिलं."

हा हात तिला माहीत होता. लेकीच्या वेळी कळा सोसवत नव्हत्या, तेव्हा हाच हात तिच्या कमरेवरून फिरला होता आणि हेच शब्द कानाशी आले होते.

चित्रं थांबली. दोन जुळली, तिसरं अगदी कडेवर येऊन घसरलं. सासूबाईंनी श्वास सोडला आणि पुन्हा बटणाकडे हात नेला. सून शेजारच्या रिकाम्या स्टुलावर बसली. जुळवून आणलेलं सगळं बोलणं कुठल्या कुठे गेलं होतं.

"आई," ती म्हणाली, "बाहेर बसायचं का जरा?"

सिस्टर दचकल्या. चेहरा पांढराफटक पडला. पण त्या उठल्या.

पार्लरच्या पलीकडे बसस्टॉप होता. तिथल्या बाकावर दोघी बसल्या. बस आली, गेली.

"बोल," सासूबाई म्हणाल्या. "मी ऐकून घेते. माझं चुकलंच आहे."

"ते आपण नंतर बघू. मला एक सांगा, तिथं बसल्यावर तुम्हाला काय वाटतं?"

हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"जिंकायला जात नाही गं मी. जिंकले तरी त्यातच घालते परत. ते फिरायला लागलं ना, की आता होईल, आता होईल असं वाटतं. वॉर्डात तसंच असायचं. सगळं जग थांबायचं. ती बाई आणि तिचा श्वास, बस्स. मग रडण्याचा आवाज यायचा आणि जीव भांड्यात पडायचा. रोजचं होतं ते माझं. एके दिवशी हार घातला, भाषणं केली आणि घरी पाठवलं."

"घरी आम्ही आहोत ना?"

"आहात की. प्रेमानं वागवता. झाडू हातात घेतला की, आई तुम्ही बसा. भाजी चिरायला घेतली की, आई तुम्ही बसा. बसून बसून माझं मन सैरभैर व्हायला लागलं. एकदा पाय दुखले म्हणून इथं टेकायला आत गेले. तेव्हापासून..."

'आई, तुम्ही बसा' हे सून दिवसातून कितीदा म्हणायची, याचा तिला हिशेब नव्हता. तिला ओशाळल्यासारखं झालं. पण मनात होतं ते तिनं गिळलंही नाही.

"आई, मला राग आलाय. मशीन माझी होती आणि तुम्ही मला खोटं सांगितलंत. तो राग काही एवढ्यात जाणार नाही. पण म्हणून तुम्हाला इथं एकटं सोडून मी घरी जाणार नाही."

सिस्टर तेव्हा रडल्या. दुसऱ्यांची रडणी ऐकण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना स्वतःचं रडणं कुठं ठेवावं ते कळत नव्हतं. सुनेनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि दोन बसेस सोडून दिल्या.

नवऱ्याला समजावणं जास्त अवघड गेलं.

"म्हणजे काय, आता तिचं कौतुक करायचं?"

"कौतुक कशाला? चोर पकडल्यासारखं बोलू नकोस, एवढंच म्हणते. आईंना ताप आला असता तर असाच ओरडला असतास?"

"ताप आणि हे सारखं आहे का?"

"नाहीच. ताप आलाय हे निदान चारचौघांत सांगता तरी येतं."

रात्री जेवताना त्यानं आईचं ताट आपल्या शेजारी ओढलं.

सरकारी दवाखान्यात एक समुपदेशक बाई बसायच्या, तिथं सून सासूबाईंना घेऊन गेली. बाई अगदीच तरुण होत्या. "हिचे अजून दुधाचे दात पडले नसतील," सिस्टर कुजबुजल्या. पण त्या पोरीनं पहिल्याच भेटीत त्यांना थक्क केलं. ती म्हणाली, "तिसरं चित्र थोडक्यात हुकतं ना, ते ठरवूनच तसं बनवलेलं असतं. हरल्यासारखं वाटतच नाही, जिंकता जिंकता राहिल्यासारखं वाटतं. माणूस मूर्ख असतो म्हणून अडकत नाही. तुम्ही तर आयुष्यभर वाट बघण्यातच पारंगत झालात."

मुलानं बँकेचं कार्ड परत दिलं, तर सिस्टरनी ते आपणहून सुनेकडे ठेवायला दिलं. पार्लरवाल्याला जाऊन सांगितलं की मला आत घेऊ नका. बोलताना मान खाली होती, पण सांगितलं. त्यानं खांदे उडवले आणि बरं म्हणाला. घरात 'तुम्ही बसा' बंद झालं. काजं-बटणांचं काम सिस्टरकडे आलं. टाके सुरुवातीला असे पडायचे की सून ते गुपचूप उसवायची. एकदा पकडली गेली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "उसवायचंच असेल तर माझ्यासमोर उसव आणि दाखव कुठं चुकतं ते."

सगळं सुरळीत झालं असं नाही. मध्ये एकदा सिस्टर गावाच्या दुसऱ्या टोकाच्या पार्लरमध्ये जाऊन आल्या. त्या संध्याकाळी दारातच उभं राहून त्यांनी स्वतःहून सांगितलं. मुलाच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती. त्यानं पाण्याचा ग्लास आणून दिला आणि म्हणाला, "पुढच्या वेळी जायच्या आधी फोन कर. कुणालाही कर. मलासुद्धा."

मग एका दुपारी सुनेला नवऱ्याचा निरोप आला, की आई बसस्टॉपवर उभी आहे, पाय तिकडे ओढतायत म्हणते, मी तिला फोनवर धरून ठेवलंय, तू निघ. सुनेनं हातातली कात्री टाकली आणि चपला सरकवून धावली.

सासूबाई बाकावर बसल्या होत्या, फोन कानाला घट्ट लावून. पलीकडून नवऱ्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता. बोलायला काही सुचत नसावं, म्हणून तो क्रेनबद्दलच सांगत होता. वजन कसं तोलायचं, वारा असला की पेटी कशी झुलते, आणि जमिनीला टेकेपर्यंत दोरावरची नजर कशी हलवायची नाही.

सून हाशहुश करत शेजारी टेकली आणि काही विचारणार, तोच सिस्टरनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला गप्प केलं.

"थांब गं," त्या म्हणाल्या, "पेटी अजून खाली यायचीय."