स्थळांच्या यादीत घुसलेला सर्जा

मित्रांनो, अंगाने पिवळट आणि आवाजाने घरघरणारा असा मी एक जुना कॉम्प्युटर आहे. हसू नका! १९९९ साली पंचवटीतल्या निसारसरांच्या क्लासमध्ये मी आलो, तेव्हा पोरं चपला बाहेर काढून मला बघायला यायची. दसऱ्याला मला हार असायचा. अक्षतांचे दोन दाणे अजून माझ्या कीबोर्डमध्ये आहेत. पुढे काळेभोर, चकचकीत भाऊबंद आले आणि मी गेलो खिडकीजवळच्या कोपऱ्यात.

खोली विमलाबाईंची. त्या वधू-वर सूचक मंडळ चालवायच्या. म्हणून सकाळी मी विद्यार्थ्यांचा, दुपारी त्यांचा. कुंदन नावाच्या जुन्या विद्यार्थ्याने त्यांची सगळी स्थळं माझ्या डेटाबेसमध्ये भरून दिली होती आणि 'पसंत', 'नकार' अशी दोन बटणंही करून दिली होती.

२००३च्या मे महिन्यात भाग्यश्री आली. नववी पास, मखमलाबादची, आणि उत्साह एवढा की बसली तरी खुर्ची उड्या मारायची! आठ दिवस बाबांच्या मागे लागून तिने क्लास मिळवला होता. तिला वेबसाइट करायला शिकायचं होतं. सरांच्या झेरॉक्स नोट्समध्ये एकच उदाहरण होतं: 'यादी' नावाचं टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता. रकाने नाव, उंची, रंग, स्वभाव आणि फोन. प्रत्येक बॅच तेच जसंच्या तसं उतरवायची. कुंदननेही तेच केलं होतं! भाग्यश्रीने मला हुकूम दिला, 'यादी नसेल तर तयार कर.' यादी तर होतीच, विमलाबाईंच्या स्थळांची. मग मी नवी केलीच नाही.

सरावाला तिने भरले घरचे बैल. सर्जा: उंची साडेपाच फूट (शिंगांसकट मोजलेली), रंग लाडाने गोरापान, स्वभाव शांत. "फोनचा रकाना रिकामा ठेवायचा नाही," असं सर म्हणाले, म्हणून घरचा नंबर.

दुपारी मनमाडच्या रंगूबाई आपल्या भाचीसाठी मुलगा शोधायला आल्या. "उंच, गोरा, शांत," त्यांनी सांगितलं. विमलाबाईंनी तेच शब्द माझ्यात टाइप केले. मी प्रामाणिकपणे सर्जा दाखवला.

"नवीनच स्थळ दिसतंय," विमलाबाई म्हणाल्या. रंगूबाईंनी तिथूनच फोन लावला. पलीकडे भाग्यश्रीचे सहादूआजोबा. त्यांचा आवाज असा, की कोपऱ्यात मलाही स्पष्ट ऐकू येत होता.

"सर्जाचं घर ना हे?"

"व्हय, बोला की."

"स्वभावाला कसा आहे?"

"लय गरीब. बारक्या पोराचं बी ऐकतो."

"आणि खाण्यापिण्याचं?"

"समोर टाकाल ते खातो. नावं ठेवीत नाय."

"अगंबाई! मग बघायला कधी येऊ?"

"कवाबी या. पण ताई, जोडी फोडणार नाय हां. सर्जाबरोबर राजाबी न्यावा लागंल!"

रंगूबाईंच्या हातातून रिसीव्हर सुटला. विमलाबाईंनी तो उचलला. "अहो, सर्जा तुमचा कोण?"

"बैल! दुसरं कोण?"

रंगूबाई तरातरा निघून गेल्या. सरांनी नोंद बघताच ओळखली: भाग्यश्रीचा सराव! विमलाबाई कडाडल्या, "निसार! हे डबडं भंगारात घाल. आणि त्या पोरीला उद्यापासून उंबरा ओलांडू द्यायचा नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी भाग्यश्री आली, तर विमलाबाई दारातच. सगळं ऐकून बिचारीचं तोंड एवढंसं झालं. क्लास गेला की वेबसाइट गेली! मग नाक पुसून ती म्हणाली, "आजी, घोळ मी घातला, मीच निस्तरते. दहा मिनिटं द्या फक्त."

"पुसून टाक बाई सगळं," सर कंटाळून म्हणाले. "कुंदनकडे जुने कागद असतील."

तिने पुसण्याचा हुकूम लिहिला. बोट एंटरवर. पण ती थांबली. "सर, आत अजून काय काय आहे, ते आधी बघू?" चार वर्षांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं. तिला वाटलं होतं, टेबल एकच असेल. मी तीन दाखवली: यादी, पसंत, नकार.

तिने 'नकार' उघडलं आणि मोठ्याने वाचू लागली. "मुलगा चहा बशीत ओततो. मुलगी फार हसते. मुलाची मावशी पसंत नाही." सर खो-खो हसले. विमलाबाईंना मात्र हसू येईना.

"अगं, ही माणसं अजून आत आहेत? मला वाटलं, नकार दाबलं की नाव गेलं! म्हणून तर म्हणते, स्थळं आटली कशी!"

"बासष्ट जण आहेत, आजी. एका घरानं नाही म्हटलं आणि इथेच अडकून पडलेत."

भाग्यश्रीने बैलांना वेगळ्या टेबलात बांधलं आणि बासष्ट जणांना यादीत परत आणलं. त्यांत कळवणचा ज्ञानेश होता. उंच, गोरा. नकाराचं कारण: बोलतच नाही. विमलाबाईंनी भीतभीतच मनमाडला फोन केला.

"चालेल की!" रंगूबाई म्हणाल्या. "आमची पोरगी दोघांचं बोलेल."

विमलाबाईंनी रिसीव्हर ठेवला आणि भाग्यश्रीकडे वळल्या. "उद्यापासून सकाळी शिक आणि दुपारीही ये. माझं काम तूच बघ."

मित्रांनो, जुन्या वस्तू जन्मभर सांभाळा असं काही मी म्हणणार नाही. पण फेकण्याआधी एकदा उघडून बघा. आत कुणी लग्नाचं थांबलेलं असेल!