आभाळ आलं म्हणून

"कीवर्ड म्हंजे काय गं ते?" मालनने विचारलं, आणि विचारता विचारता सोललेला वालाचा दाणा सालांत आणि साल वाटीत टाकली.

सलोनी फोनमध्ये डोकं घालून बसली होती. "कीवर्ड म्हणजे, आजी, थिसिसमध्ये मेन मेन काय आहे ना, ते चार-पाच शब्द. ते सर्चमध्ये टाकले की थिसिस सापडते. हे बघ. वसई, बागायत, स्त्रिया, श्रम, सुकेळी."

"नि मानसांची नावं?"

"ती कीवर्डमध्ये नाय येत. आत असतील, फुल टेक्स्टमध्ये. इथे फोनवर फक्त ॲब्स्ट्रॅक्ट दिसतं."

"आता हे काय नवीन?"

"सारांश गं. आत काय काय आहे ते थोडक्यात. पूर्ण मजकूर पाहिजे असेल तर आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन तिथल्या कॉम्प्युटरवरच वाचावा लागतो. परवा जाणारेय मी." सलोनीने मान वर केली. "ही विनया मॅडम आपल्याकडेच राहिली होती ना? बाबा सांगत होते."

"राहिली होती. चहा लय प्यायची," मालन म्हणाली आणि वाटीतली सालं वेचू लागली. नातीकडे मात्र तिने पाहिलं नाही.

सलोनी बीएच्या शेवटच्या वर्षाला होती. वसईच्या वाड्यांवर प्रकल्प करायचा म्हणून ती विद्यापीठाच्या संग्रहात शोधत होती आणि तिच्या हाती नेमकं हेच लागलं. पंचवीसेक वर्षांपूर्वी विनया नावाची मुलगी पीएचडी करायला इथे आगाशीत आली होती आणि दिनानाथने, म्हणजे मालनच्या नवऱ्याने, तिला माडीवरची खोली दिली होती. तेव्हा वाडीत राजेळी केळीचे घड लागत, अंगणात मांडव घालून त्यावर सोललेली केळी उन्हात वाळवली जात, आणि त्या सुकेळ्यांसाठी लांबलांबची माणसं दारात येत. मांडवाची सगळी उस्तवार मालनकडे होती. विनया टेप घेऊन तिच्या मागे मागे फिरायची. केळी पिकवायची कशी, सोलायची कधी, दव पडायच्या आत उचलायची का, असं विचारता विचारता ती पोरगी भलतंच विचारू लागली. आणि मालनही बोलून बसली. जे आईला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला सांगायचा प्रश्नच नव्हता, ते तिने त्या चहाबाज मुलीला सांगून टाकलं.

सांगितलं होतं ते असं. गोष्ट विनया येण्याच्याही वीसेक वर्षं आधीची, मालनचा मयूर तेव्हा पाळण्यात होता. एका दुपारी जेवणं आटोपून सगळं घर निजलं असताना मालन उठली, दोन लुगडी पिशवीत कोंबली, पोराला झोपलेल्या सासूच्या भरवशावर सोडलं आणि विरार स्टेशन गाठलं. केळव्याला माहेरी जायचं, परत यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. कोणी मारलं नव्हतं, कोणी उपाशी ठेवलं नव्हतं. पण सकाळपासून रात्रीपर्यंत "मालन हे, मालन ते" ऐकून तिचा जीव विटला होता. डहाणूची गाडी यायची होती. ती बाकावर बसली, सहज वर पाहिलं, तर हिवाळ्याचे दिवस असूनही आभाळ भरून आलेलं. आणि मांडवावर केळी उघडी! झालं, बाई उठली आणि धावत-पळत घरी आली. "कुठे गेली होतीस?" या सासूच्या प्रश्नाला "देवळात" म्हणाली. प्रकरण तिथेच मिटलं.

पळून गेली होती, याचं मालनला तेवढं वाटत नव्हतं. बायका जातात, येतात. पण विनयाने विचारलं होतं, "मुलाची आठवण आली म्हणून परतलात ना काकू?" आणि मालनने खरं ते सांगितलं होतं. "पोरासाठी नाय गं. आभाळ आलं म्हनून."

हे आता फुल टेक्स्टमध्ये असणार. परवा सलोनी ते वाचणार आणि बापाला सांगणार. आणि बाप म्हणजे मयूर! साखरपुडा असो की बारसं, माईक हातात आला की तो हमखास सांगायचा, "आमच्या आईने मला एक दुपारसुद्धा सोडलं नाही." आजवर मालन ते खाली मान घालून ऐकत आली होती. लोकांना वाटे, म्हातारी लाजली.

त्या रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी तिने चहात मीठ घातलं. दुसरा चहा केला, तो उतू गेला. अंगणात गेली, आत आली, पुन्हा अंगणात गेली. शेवटी सून म्हणाली, "आई, बसा की जरा, मलाच गरगरायला लागलं." तेव्हा मालनने चांगलं लुगडं नेसलं, चष्मा घेतला आणि "लिडियाकडे जाऊन येते" असं सांगून बाहेर पडली.

हे खोटं नव्हतं. शेजारच्या नंदाखाल गावची लिडिया त्याच कॉलेजच्या लायब्ररीत ग्रंथपाल होती. तिच्या आईची आणि मालनची भाजीची पाटी विरारच्या बाजारात वर्षानुवर्षं शेजारी शेजारी लागली होती. बस, मग रिक्षा करत मालन पोचली तेव्हा लिडिया काउंटरवर कुणाला तरी उशिरा आणलेल्या पुस्तकावरून झापत होती.

"मावशी? तुम्ही इकडे कुठे? सलोनी बरी आहे ना?"

"तिला काय धाड भरलीय. मना एक थिसिस बघायचीय. फुल टेक्स्ट." हा शब्द मालन रिक्षात घोकत आली होती. "ॲब्स्ट्रॅक्ट नको. ते झालं बघून."

लिडियाला हसू आलं, पण तिने ते ओठांतच ठेवलं. बाईचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. तिने मालनला कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी बसवलं आणि स्वतः शेजारी खुर्ची ओढली. विनयाचा प्रबंध उघडला. मराठीतच होता.

"आता काय बघायचंय?"

"माझं नाव हाय का त्यात, ते शोधून दे."

"त्याला पानं उलटायला नकोत. हा चौकोन आहे ना, इथे शब्द टाकायचा. जिथे जिथे तो असेल तिथे मशीन आपल्याला नेतं." लिडियाने 'मालन' टाईप केलं आणि बटण दाबलं.

काही सापडलं नाही, असं मशीनने लिहून दाखवलं.

"परत कर."

लिडियाने परत केलं. मग आडनाव घातलं, मग दिनानाथ घातलं. काही नाही.

मालनने सुटकेचा श्वास सोडला. सोडला खरा, पण तो पुरता बाहेर पडायच्या आत तिला कसली तरी चुटपुट लागली. म्हणजे आपण एवढं टेपमध्ये बोललो, पोरीला दोन महिने गरम गरम करून वाढलं, आणि नावसुद्धा नाही? नाव असेल म्हणून रात्रभर तळमळलेली बाई आता नाव नाही म्हणून रुसली. माणसाच्या मनाचं काही सांगता येत नाही.

"विसरली ती मना," ती म्हणाली.

"तसं नाय मावशी. संशोधनात माहिती देणाऱ्याचं खरं नाव बहुतेक वेळा लिहीत नाहीत. बदलून घालतात, त्याला त्रास होऊ नये म्हणून. तुमचंही बदललं असेल. दुसरा कुठला शब्द टाकू?"

"सुकेळी टाक."

तो शब्द मात्र पानोपानी निघाला. लिडिया एकेक ठिकाण दाखवत गेली आणि एका पानावर मालनने तिचा हात धरला. पडद्यावर लिहिलं होतं, 'द्वारकाबाई म्हणतात, केळं सोलताना बोट लागलं तर ते काळं पडतं. त्याला फक्त ऊन लागलं पाहिजे.'

"हे तुम्हीच, ना?" लिडियाने विचारलं. "द्वारकाबाई नाव दिलंय तुम्हाला."

मालनने पडद्यावरच्या त्या नावावर बोट ठेवलं. तिला माडीचा जिना आठवला आणि त्यावर बसलेली विनया. "काकू, तुमचं नाव बदलून लिहिणार मी. कुठलं घालू?" असं तिने विचारलं होतं आणि मालन हसत म्हणाली होती, "घाल द्वारका." "ही कोण?" "होती एक." विनयाने ते लिहून घेतलं आणि मालन विसरूनही गेली.

द्वारका म्हणजे तीच. केळव्याच्या घरात जन्मल्यापासून लग्नापर्यंत ती द्वारकाच होती. बाप पानवेलीच्या मळ्यातून "द्वारके!" अशी हाक घालायचा आणि ती असेल तिथून ओ द्यायची. मग लग्नात ताटातल्या तांदळावर दिनानाथने अंगठीने 'मालन' लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले, आणि द्वारका तिथेच संपली. पहिले काही महिने सासू हाक मारायची तेव्हा मालन खुशाल बसून राहायची. दुसऱ्याच कुणाला बोलावतायत असं तिला वाटे. सासूला वाटे, सून बहिरी दिली. आता आईबाप गेले, भाऊ गेला, त्या नावाने हाक मारणारं जगात कोणी उरलं नव्हतं. आणि इथे, या मशीनमध्ये, विनयाने लपवायला म्हणून जे नाव घातलं ते हिचं खरंच नाव निघालं!

"पुढे सरकव," ती म्हणाली.

ती दुपार पुढच्याच प्रकरणात होती. पिशवी, बाक, डहाणूची गाडी. विनयाने एकही शब्द वाढवला नव्हता, कमी केला नव्हता. 'पोरासाठी नाय गं. आभाळ आलं म्हनून.' मालनने ते चष्मा पुसून दोनदा वाचलं. लिडियानेही वाचलं असणार, पण ती दुसरीकडे बघत राहिली.

"हे पुसता येतं?" मालनने विचारलं.

"मला नाय येत. तुम्ही विद्यापीठाला अर्ज केलात तर ते बघतील. लिहून देऊ का मी?"

मालन पडद्याकडे बघत बसली. पुसलं की द्वारकाही पुसली जाणार होती. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुझ्या आईला सांग, आली होती म्हनून."

दुसऱ्या दिवशी सलोनी कॉलेजातून आली तीच बडबडत. मयूर नुकताच कामावरून येऊन टीव्हीसमोर बसला होता. मालन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी वाल सोलत होती. आज साल सालांतच पडत होती.

"बाबा, काय भारी आहे ती थिसिस! त्यात एक द्वारकाबाई आहे, आपल्याच गावातली. मी तिलाच कोट करणारेय." आणि तिने वहीत उतरवून आणलेलं वाचून दाखवलं. पिशवी, बाक, आभाळ, केळी. सगळं.

मयूरने पायमोजे काढता काढता मान हलवली. "कसली बाई म्हणायची! पोराला टाकून जाते काय, नि परत येते ती केळ्यांसाठी! आमची आई बघ. एक दुपारसुद्धा..."

"तुम्हाला नाय कळणार बाबा. तिचं तेवढंच तर होतं स्वतःचं." सलोनी आजीकडे वळली. "आजी, तू ओळखत असशील ना? द्वारकाबाई कोण गं?"

होती एक, असं मालनच्या अगदी जिभेवर आलं. इतकं सोपं होतं ते. सलोनीने मान डोलावली असती, मयूरने पुढच्या बारशाला माईक घेतला असता, आणि मालनने पुन्हा मान खाली घातली असती.

"हाक मार," ती म्हणाली.

"काय?"

"नाव घेऊन हाक मार तिला. मोठ्यांदा. माझा बाप मारायचा तशी. द्वारके म्हनून."

सलोनी गोंधळली. तिने बापाकडे पाहिलं, मग हसत हसत, गंमत समजून, दोन्ही हात तोंडाशी धरले. "द्वारके!"

"ओ," मालन म्हणाली.

आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. सलोनीचे हात तोंडाशी तसेच राहिले. मयूरने टीव्ही बंद केला. एक पायमोजा पायात आणि एक हातात, असा तो कितीतरी वेळ आईकडे बघत बसला. मालनने नजर खाली घेतली नाही. जे व्हायचं ते होऊ दे, पण आज मान खाली घालायची नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

शेवटी मयूर उठला. एका पायाने अनवाणी येऊन तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि वालाची एक शेंग उचलून उगाच चिवडू लागला.

"मग?" त्याने विचारलं. "भिजली का केळी?"

"नाय," मालन म्हणाली. "सगळी आत घेतली. मंग तुला घेतलं."