उद्या येते गं, मावशी

मी सतरा नंबरची डबी बोलतेय. 'बोलतेय' म्हणताना मला अवघडल्यासारखं होतं, कारण जन्मभर मी दुसऱ्याचंच बोलणं वाहिलं. स्वतःचं म्हणून हे पहिलंच, आणि तेही असं की सांगताना मान वर होत नाही.

लिस्बनमध्ये पाहुण्यांचे जथे फिरवणाऱ्या वाटाड्यांच्या गळ्यात माईक असतो, आणि जथ्यातल्या प्रत्येकाच्या गळ्यात माझ्यासारखी एक डबी. डबीला वायर, वायरीच्या टोकाला बोंड, ते बोंड कानात. वाटाड्या पार पुढच्या वळणावर गेला तरी त्याची कुजबुज सुद्धा मागच्याला ऐकू येते. त्यामुळे गल्लीत ओरडाओरड होत नाही, आणि मागे रेंगाळून दुकानं बघायची सोय होते ती वेगळीच.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने मला कानाला लावून पाहिलं, मान डोलावली आणि माझ्या पाठीवर सतरा आकडा चिकटवला, एवढंच आठवतं. मग मी काळ्या पेटीत राहायला आले, सोळा आणि अठराच्या मधे. कान मी उदंड पाहिले, स्वच्छ आणि घाणेरडे दोन्ही. माणसं मोठी गमतीची असतात हो. समुद्र ओलांडून येतात, आणि जुन्या चर्चच्या दारात पोचली की पहिलं विचारतात, इथे बाथरूम कुठे आहे. राजाच्या थडग्यापाशी उभं राहून मोबाइल बघतात, आणि गल्लीत वाळत घातलेल्या परक्यांच्या चड्ड्यांचे मात्र वाकून वाकून फोटो काढतात.

आमची वाटाडी तेल्मा. चाळिशीची, भरभर चालणारी, काठीला पिवळा रुमाल बांधून ती उंच धरणारी. तिचे जथे ब्राझीलचे असायचे. भाषा एकच, पण ते लोक ती झोपाळ्यावर बसल्यासारखी बोलतात आणि आमचे लोक दात आवळून. तेल्माचा आवाज मात्र कोणालाही आवडावा असा होता. मीच तो रोज वाहायची, मला नाही माहीत तर कोणाला.

अल्फामा या जुन्या वस्तीच्या चढावरच्या एका गल्लीत एक बुटकी खिडकी आहे, रस्त्यावरून हात घालता येईल इतकी खाली. खिडकीत तुळशीच्या जातीचं, बारीक पानांचं रोप लावलेली कुंडी, आणि कुंडीमागे खुर्चीत झुल्मिरामावशी. ही तेल्माची सख्खी मावशी. तेल्माची आई तिला लहानपणी इथे सोडून पॅरिसला कामाला गेली, ती तिकडचीच झाली. तेल्माला वाढवलं मावशीने. आता तेल्मा नदीपलीकडे राहायला गेली होती, आणि मावशीच्या दारावरून दिवसातून दोनदा जथा घेऊन जात होती. खिडकीशी आली की ती माईकवर तळहात ठेवायची आणि म्हणायची, "उद्या येते गं, मावशी."

"ये. सूप ठेवते," मावशी म्हणायची.

की पिवळा रुमाल पुढे निघायचा. हे रोजचं होतं. सूप कोण प्यायचं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

जूनमध्ये संत अँटनीच्या सणाच्या दिवसांत मी ज्यांच्या गळ्यात होते ते टोपीवाले गृहस्थ त्या रोपाचा वास घ्यायला वाकले. तेल्मा माझ्यातून म्हणाली, "नाक लावू नका, श्वासाने रोप जळतं. तळहात फिरवा आणि तळहात हुंगा." गृहस्थ चोरी पकडल्यासारखे दचकून सरळ झाले, माझी दोरी खिडकीच्या कडीत अडकून तुटली आणि मी कुंडीत पडले. ते तसेच पुढे गेले. त्यांना बहुधा जरा शांतताच हवी होती.

संध्याकाळी पाणी घालताना मावशीला मी सापडले. तिने मला पदराला, म्हणजे तिच्या एप्रनला, पुसलं. "तेल्माची आहे. उद्या देऊ." सकाळी तिला वाटलं, पाण्यात भिजलीय, चालते की नाही बघावं. टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून तिने माझ्यात घातले आणि बोंड कानात अडकवलं. तेवढ्यात तेल्मा खालच्या पायऱ्या चढत होती. अजून वळणाच्या पलीकडेच होती, पण माझ्यातून तिचा आवाज आला: "दम लागला तर थांबा, घाई नाही."

मावशी खुर्चीत बसली. "अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, "किती जवळून बोलते ही."

खरं सांगते, तिच्या कानाशी इतक्या जवळ येऊन कित्येक वर्षांत कोणी बोललं नव्हतं. पिवळा रुमाल दिसला तशी तिने मला घाईने एप्रनच्या खिशात लपवलं. "उद्या देऊ," ती पुन्हा म्हणाली. उद्या म्हणण्याची खोड त्या घरात दोघींनाही होती.

मी खूश होते. पेटीतून सुटका झाली होती आणि कोणीतरी माझी रोज वाट बघत होतं. माझं चुकलं ते इथेच. पुढच्या काही महिन्यांत मी तिच्या कानात काय काय ओतणार आहे, याचा मी विचारच केला नाही.

एके दिवशी वळणाच्या अलीकडे तेल्मा आवाज खाली आणून म्हणाली, "आता हळू चला. खिडकीत एक विधवा दिसेल. तिचा नवरा खलाशी होता. उत्तरेच्या समुद्रात मासेमारीला गेला, तो आलाच नाही. ती अजून त्याची वाट बघत बसते."

मावशी आधी हसली. हसता हसता तिने भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे पाहिलं. अबिलिओ लिफ्ट दुरुस्त करायचा. नदीपलीकडे जाणाऱ्या फेरीबोटीत सुद्धा त्याला ओकाऱ्या व्हायच्या. न्युमोनिया होऊन घरातच, समोरच्या पलंगावर गेला. "ऐकलंस का रे," मावशी फोटोला म्हणाली, "तू बुडालास म्हणे." मग तिचं हसू हळूहळू गेलं. पण खिडकीबाहेर लोक गप्प उभे होते, बायका डोळे पुसत होत्या, आणि तेल्माचा चेहरा काम जमलेल्या माणसासारखा उजळला होता. ते मावशीने पाहिलं.

गोष्ट एकदा चालली की तिला पाय फुटतात. एका पाहुणीने विचारलं, "कशा आहात, आजी?" मावशी म्हणाली, "बरी आहे हो, गुडघे तेवढे कुरकुरतात." दुसऱ्या दिवशी माझ्यातून तेल्मा म्हणाली, "तिच्याशी बोलू नका. त्या दिवसापासून तिने शब्द उच्चारलेला नाही." मावशीने ऐकलं आणि ती खिडकीत मुकी झाली. तेल्मा माईक झाकून "उद्या येते गं" म्हणायची, तेव्हाही मावशी नुसती मान हलवायची, कारण लोक बघत असायचे. सुपाचं नाव निघेनासं झालं. पुढे तेल्मा एकदा "काळ्या शालीतली" म्हणून गेली, तर मावशीने ट्रंकेतून काळी शाल काढली. ऑगस्टचा महिना होता.

शेजारची जसिंता आपल्या दारात चेरीची दारू छोट्या पेल्यांतून विकते. तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "काय गं झुल्मिरा, उन्हाळ्यात शाल? डोकं फिरलं का?"

"तेल्माच्या पाहुण्यांना आवडते."

"आणि तेल्माला?"

मावशी कुंडीतली वाळकी पानं खुडत बसली.

मी काय करू शकत होते? खरखर करावी म्हटलं तर सेल कमी झाल्याशिवाय मला तीही येत नाही. पोरीचं खोटं मी इमानदारीने म्हातारीच्या कानात पोचवत राहिले, एक अक्षर न गाळता. असलं इमान काय चुलीत घालायचंय?

ऑक्टोबरात मावशी स्वयंपाकघरात घसरली. पाय सुजून भोपळा झाला, अंगात ताप चढला. जसिंता लेकीकडे गेलेली. मावशी कशीबशी पलंगापर्यंत पोचली. दिवसभर खिडकी उघडली नाही, आणि तेल्माचे दोन्ही जथे खिडकीवरून निघून गेले. तेल्मा माझ्यातून पुढच्या चौकाबद्दल बोलत होती. दुसऱ्या सकाळी मावशीने मला पुन्हा कानात घातलं. मला वाटतं, तेल्मा हाक मारील असं तिला वाटत होतं.

जथा आला. एका बाईने तेल्माला विचारलं असावं, कारण तेल्मा म्हणाली, "कोण, ती विधवा? तुमच्या बहिणीने तिचा फोटो पाठवला होता का?" मग ती थांबली. तिचा श्वास माझ्यात घुटमळला. आणि ती म्हणाली, "ती गेली. वसंतात. याच खुर्चीत, वाट बघता बघता."

मावशी आढ्याकडे बघत राहिली. "गेले म्हणे मी," ती पुटपुटली. तिने मला कानातून काढलं नाही. हात पोटावर जुळवले आणि डोळे मिटून घेतले.

मी हादरले. शाल सांगितली, तिने पांघरली. बोलत नाही सांगितलं, ती गप्प झाली. त्या पोरीने सांगितलेलं एकही काम या बाईने आजवर टाकलं नव्हतं. आणि हेही सांगितलं होतं कोणी? मीच.

तेल्माचे लोक जसिंताच्या दारात पेले घ्यायला थांबले. माईकवर तळहात ठेवायचा असतो हे त्या दिवशी तेल्मा विसरली. मला आधी जसिंताचा आवाज आला, लांबचा, पण स्पष्ट. "मी आत्ताच लेकीकडून येतेय. या रोपाला पाणी का नाही? तुझी मावशी कुठे आहे?"

"घरात नाही का?"

"मला काय विचारतेस, भाची तू आहेस. आत शेवटची कधी गेली होतीस?"





"उद्या जाणार होते," तेल्मा म्हणाली. तिचा आवाज मी इतकी वर्षं वाहिला होता, पण तसा कधी वाहिला नव्हता.

मग नुसती धावपळ. तिचा धापा टाकणारा श्वास, दारावर थापा, "मावशी, दार उघड गं, मावशी." मावशीने डोळे उघडले नाहीत. बाहेर कुंडी सरकली. तेल्मा शाळेत होती तेव्हापासून घराची किल्ली कुंडीखाली असायची, आणि ती अजूनही तिथेच होती. दार उघडलं. तेल्मा पलंगाशी गुडघ्यांवर आली. "मावशी. मावशी गं."

मावशीने एक डोळा उघडला. "हळू बोल. मला दोनदा ऐकू येतंय."

तेल्माला तिच्या कानातलं बोंड दिसलं. वायरीवरून तिची नजर माझ्यावर आली, माझ्या पाठीवरच्या सतरा आकड्यावर.

"कधीपासून आहे ही तुझ्याकडे?"

"अँटनीच्या सणापासून."

"सगळं ऐकलंस?"

"सगळं. अबिलिओला बुडवलंस ते एक बरं केलंस. जन्मभर फेरीबोटीत ओकला बिचारा, मेल्यावर तरी खलाशी झाला. शालीचंही काही नाही. पण पोरी, मला मारायच्या आधी एकदा आत येऊन बघायचंस तरी."

तेल्माने तिच्या हातांवर डोकं टेकवलं. "माझं चुकलं गं," ती म्हणाली. पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली. माईक चालूच होता. बाहेर गल्लीत सगळा जथा ऐकत होता, हे दोघींच्याही ध्यानात नव्हतं. पुढे जसिंताने सांगितलं की एकेकाने आपली डबी गळ्यातून काढली आणि खिडकीत कुंडीशेजारी ठेवून दिली. माझी सगळी भावंडं त्या दिवशी तिथे रांगेत पडली होती.

आता मावशी लंगडत का होईना, चालते. माझे सेल रिमोटमध्ये परत गेले. मला पेटीत न्यायला तेल्माने हात पुढे केला होता, पण मावशी म्हणाली, "राहू दे ती." किल्लीसाठी दाराशी एक खिळा होता, त्यावर मी टांगलेली असते. कोणाच्या कानात नाही, माझ्यातून आवाज नाही, नुसती बघते-ऐकते. दुपारचा जथा संपला की तेल्मा येते आणि सूप पिते. जाताना "उद्या येते" म्हणते आणि खरोखर येते. पण आत शिरताना तिची नजर एकदा माझ्यावर जाते आणि चटकन दुसरीकडे वळते. मीही भिंतीकडेच बघते. आम्ही दोघींनी मिळून जे केलं ते आम्हाला माहीत आहे.

जथ्याला ती हल्ली सांगते, "इथे माझी मावशी राहते. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा." फोटो कमी निघतात. मावशी फुलाफुलांचा ब्लाउज घालून खिडकीत बसते, सगळ्यांशी गुडघ्यांबद्दल बोलते, आणि संध्याकाळी कुरकुरते, "खलाशी बरा होता गं."

तुमच्याही रोजच्या वाटेवर एखादी खिडकी असेल. तिच्यासमोरून हात हलवून जाऊ नका. तुम्ही पुढे गेल्यावर आत काय ऐकू जातं, ते सांगायला प्रत्येक घरात माझ्यासारखी डबी नसते. आणि असली तरी तिचा काय उपयोग, ते तुम्ही पाहिलंतच. कुंडी तेवढी सरकवून बघा. किल्ली बहुतेक अजून तिथेच असते.